कन्नडचा घाट आणि दाजींचा इंजिन ब्रेक

आमची बस सुरू झाली की गारखेड्यातल्या कोंबड्या त्या दिवशी अंडी द्यायच्या नाहीत. हे मी वाढवून सांगत नाही. कोंबड्यांच्या मालकिणी रोज सकाळी भांडायला यायच्या, त्यांची नातवंडं अजून आहेत, त्यांना विचारा. आता जिथं चार-चार मजले आणि दर दोन घरांआड दातांचा दवाखाना आहे, तिथं तेव्हा नुसती ज्वारी होती. त्या ज्वारीच्या बांधाला एक लिंब होता आणि लिंबाखाली आमची बस. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे आणि गारखेड्याला कोणी शहर म्हणायचं नाही.

बसचं वय कोणालाच ठाऊक नव्हतं. दाजी म्हणायचे, निजामावरच्या पोलिस ॲक्शननंतरची आहे. मी म्हणायचो, ॲक्शनला जी फौज आली ती हिच्यातच बसून आली असणार. म्हणून तर चार-पाच दिवसांत सगळं उरकलं. त्याहून जास्त हिच्यात बसायला कोण तयार होईल?

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. घर मेंढरांचं. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर मेंढरं राखली. दाजींनी ती विकली आणि लिलावात ही डिझेल बस घेतली. थोडा हातभार मी लावला, म्हणून मी निम्मा मालक, पूर्ण कंडक्टर आणि नडेल तिथं क्लीनर. लग्नाची वऱ्हाडं, देवदर्शनं, जत्रा, हा आमचा धंदा. दाजी बसशी मेंढरांसारखंच बोलायचे. वळणावर ‘हर्र हर्र’, थांबायच्या जागी जिभेनं ‘च्यक च्यक’. आणि मी शपथेवर सांगतो, ब्रेकपेक्षा ती त्या ‘च्यक च्यक’ला जास्त मान द्यायची.

दाजींची सगळी कीर्ती उताराची होती. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची आणि तशीच सोडून द्यायची, हे त्या काळच्या ड्रायव्हर लोकांचं व्रतच होतं. उतारावर डिझेल जाळणारा ड्रायव्हर म्हणजे दुधात पाणी न घालणारा गवळी. लोक त्याच्याकडं कीव करून बघायचे. दाजी तर या व्रतातले महाराज. हर्सूलच्या तळ्याजवळ गाडी न्यूट्रल केली की ती थेट दिल्ली गेटला येऊन थांबायची. मधे थोडा चढ आहे हे मलाही माहीत आहे. पण दाजींना बघून तो तेवढ्यापुरता उतार व्हायचा.

आणि मग एक दिवस कन्नडचा घाट आला.

कन्नड सोडून चाळीसगावकडं जाताना आपला मराठवाडा एकदम संपतो आणि खाली, पार खाली, खानदेश दिसतो. मधला रस्ता म्हणजे कोणीतरी वरून दोरी टाकावी आणि ती कशीही पडावी, तसा. एका वऱ्हाडाला घेऊन आम्ही तो उतरत होतो. गाडी न्यूट्रल. दाजी अधूनमधून ब्रेक दाबत होते, गप्पा मारत होते. अर्ध्या घाटात चाकांतून जळका वास आला. मग पेडल जे खाली गेलं ते वर येईना. दाजींनी गेअर टाकायला बघितला. गेअरबॉक्स कुत्र्यासारखी गुरगुरली, पण दात काही बसेनात. तेव्हा त्यांनी दरीचा नाद सोडला आणि बस डोंगराला घासली. घासत घासत ती थांबली. एका करवलीच्या बांगड्या फुटल्या, बाकी कोणाला खरचटलंही नाही. बसचा एका बाजूचा निळा रंग मात्र सगळा डोंगराला गेला. कित्येक पावसाळे त्या वळणावरचा दगड निळा होता, आणि पुढं पुढं तर लोक तिथं नारळ फोडायला लागले.

दाजी खाली उतरले आणि डोंगराकडं तोंड करून बसले. वऱ्हाड दुसऱ्या गाडीनं गेलं तरी उठेनात.

त्यानंतर आमची बस पैठणला जायची, जालन्याला जायची, गंगापूरला जायची. जिथं जमीन ताटासारखी आहे तिथं सगळीकडं जायची. कोणी कन्नडकडची सुपारी घेऊन आला की दाजी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, “घाटाची हवा गाडीला मानवत नाय.” जसं काही गाडीला दमा आहे. पण ‘कन्नड’ म्हटलं की ते दोन्ही तळहात धोतराला पुसायचे, ते मी बघितलेलं आहे.

असं वर्ष गेलं असेल. आणि भाचीची सोयरीक जमली ती नेमकी खानदेशात. चाळीसगावच्या पुढचं गाव, लग्न मुलाच्या दारात. म्हणजे घाट उतरणं आलंच.

त्या रात्री जेवताना दाजी म्हणाले, “माझ्या पोरीचं वऱ्हाड माझ्या गाडीत जाईल. अन् मीच नेणार.”

आक्का भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, “वऱ्हाड एसटीनं जाईल.”

“अगं, लोक काय म्हंतील? घरची बस लिंबाखाली अन् ड्रायव्हर एसटीच्या रांगेत?”

“लोक म्हंतील, वऱ्हाड पोचलं.”

“तुला माझ्यावर भरवसा नाय?”

“तुमच्यावर हाय. तुमच्या त्या डबड्यावर नाय.” मग भाकरी तव्यावर टाकून तिनं शेवटचं सांगितलं, “घाट रांगत उतरंल असं काय तरी करा गाडीला. अन् मला आधी दाखवा. न्हाय जमलं, तर तुमी पण एसटीत या. खिडकीची जागा देते तुमाला.”

दाजी अर्ध्या भाकरीवर उठले. स्वतःची बस असलेला माणूस स्वतःच्या पोरीच्या लग्नाला दुसऱ्याच्या गाडीत खिडकीला बसून जाणार! त्यापेक्षा त्यांनी मेंढरं परत विकत घेतली असती.

दुसऱ्या दिवशी आम्ही जाफर गेटला गेलो. तिथल्या भंगारात तेव्हा काय मिळत नव्हतं? विमानाचं चाक, रणगाड्याचा आरसा, निजामाच्या मोटारीचा भोंगा. हा भोंगा तर मी एका वेळी तीन दुकानांत बघितला आहे. त्या भंगाराच्या कडेला आमच्या मिस्त्री मामूंचं गॅरेज. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक बकरी. मामू अंगानं किरकोळ, पण तोंडानं मोठे. त्यांचं म्हणणं असं की जगातलं पहिलं डिझेल इंजिन त्यांच्या वालिदांनी, म्हणजे वडिलांनी, उघडलं होतं आणि ते परत जोडताना चार नट उरले, तेव्हापासून सगळी इंजिनं चार नट कमी घालून बनतात.

दाजींनी अडचण सांगितली. मामूंनी विडी पेटवली.

“ड्रायव्हरसाब, तुमकू ब्रेक नक्को. ब्रेक तो है. तुमकू इंजिन ब्रेक होना.”

“ते काय असतं?”

“फौज के ट्रकाँ में रहता. पहाड़ के वास्ते.” मग त्यांनी आपलं नाक चिमटीत धरलं, तोंड मिटलं आणि गाल फुगवून डोळे बाहेर येईपर्यंत तसेच राहिले. बकरी घाबरून उठली. श्वास सोडून म्हणाले, “ऐसा. इंजिन का नाक बंद. धुआँ बाहर जातइच नै. फिर इंजिन दौड़ता क्या? नै दौड़ता. इंजिन नै दौड़ता तो चाक दौड़ते क्या? नै दौड़ते.”

गोष्ट खरोखर तेवढीच होती. सायलेन्सरच्या पाइपात एक झडप बसवायची. ड्रायव्हरनं लिव्हर ओढली की झडप मिटते आणि त्याच तारेनं डिझेलही बंद होतं. धूर आत कोंडतो, पिस्टनला उलटा रेटा देतो, इंजिन जड होतं आणि चाकांना धरून ठेवतं. पायाखालचे ब्रेक तापायचं कारणच उरत नाही. नव्या गाड्यांना असं काय काय असायचं. आमच्या म्हातारीला ते मागून लावायचं, म्हणजे आजीबाईला दातांची कवळी बसवण्यासारखं होतं.

झडप मिळाली एका मोडीत निघालेल्या लष्करी ट्रकाची. आमच्या पाइपापेक्षा तिचं तोंड मोठं निघालं. मग लेथवर कडं कातून आणलं, मधे पॅकिंग भरलं. तार मिळाली. लिव्हर काही केल्या मिळेना. मामू गॅरेजमागं गेले आणि उसाच्या रसाच्या मोडक्या चरकाची दांडी कापून घेऊन आले. दाजींच्या उजव्या हाताला ती दांडी उभी राहिली. बसमधे चढणारा प्रत्येक जण पुढं कित्येक दिवस विचारायचा, रस आल्याचा की बिनआल्याचा.

पहिल्यांदा ती दांडी ओढली ती गॅरेजच्या दारातच. गाडी उभी, इंजिन सुरू. दाजींनी दांडी ओढली. इंजिननं एकदा हुंदका दिला, दुसऱ्यांदा उचकी दिली, आणि पाइपाचा जोड सुटून पोलिस ॲक्शनपासूनची सगळी काजळी एका दमात बाहेर आली. मामूंचा पांढरा सदरा होता हे मला माहीत होतं म्हणून, नाहीतर अंधारात उभा असलेला माणूस कोण हे कळलं नसतं. बकरी त्या दिवसापासून काळी झाली ती शेवटपर्यंत काळीच राहिली. पुढं तिला पिल्लं झाली, तीही काळीच.

“देखे?” त्या काळ्या ढगातून मामूंचा आवाज आला. “कित्ता जोर है!”

जोड पुन्हा घट्ट केला आणि आम्ही गाडी उतारावर बघायला काढली. खुलताबादवरून वेरूळला उतरणारा रस्ता आमच्या परीक्षेचा. रिकामी बस. दाजी स्टिअरिंगशी, मी मागच्या दारात चाकाखाली घालायचा लाकडी ठोकळा कवटाळून, आणि मामू इंजिनवरचं झाकण उघडून आत डोकं घालून, झडप मिटते की नाही ते बघायला.

उतार लागला. दाजींनी दांडी ओढली. इंजिन फस्सकन बंद पडलं आणि बस जी निघाली ती वाऱ्यावर. पायाचे ब्रेक मारत मारत दाजींनी ती कशीबशी आवरली. लेण्यांच्या वाटेवर उभे असलेले पेरूवाले टोपल्या टाकून शेतात पळाले. थांबलो तेव्हा दाजींचा चेहरा भस्म फासल्यासारखा.

“मामू, ह्याच्यापेक्षा बिनब्रेकची बरी होती!”

“झडप बंद हुई! मेरी आँखाँ से देखा मैं!”

“मग गाडी का पळाली?”

“तुम्हारी गाड़ी च बेशरम है, तो मैं क्या करूँ?”

दोघं भर रस्त्यात असे भांडले की लेणी बघायला आलेले गोरे पाहुणे लेणी सोडून यांचे फोटो काढायला लागले. मामूंनी परत सगळं उघडलं. तार बदलली, झडप घासली, परत जोडली. परत त्याच उतारावर गेलो. दांडी ओढली, इंजिन बंद, गाडी मोकाट. या वेळी भांडणही झालं नाही. मामू विडी न पेटवताच तोंडात धरून बसले. दाजी मला म्हणाले, “तुझ्या आक्काला सांग, एसटीची चौकशी कर म्हनावं.”

मी सांगितलं. आक्का हरखून जाईल असं मला वाटलं होतं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, “कुठं बसलेत?”

“लिंबाखाली. गाडीकडं पाठ करून.”

ती दारात जाऊन लिंबाकडं बघून आली. मग म्हणाली, “उद्या मी येते. मला दाखवा म्हनलं व्हतं ना, मग दाखवा की.”

दुसऱ्या दिवशी आक्का घोंगडी घेऊन आली. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाचं जे मोठं झाकण असतं, ज्याला आम्ही बोनट म्हणायचो, त्यावर घोंगडीची घडी टाकून बसली. मामूंना तिनं मागच्या सीटवर बसवलं. “मिस्त्री भाऊ, तुमी आज डोकं बाहेर ठेवा. घरी बायकापोरं हायेत.”

खुलताबाद मागं पडलं. उताराची सुरुवात झाली आणि आक्कानं फाटदिशी दाजींच्या डाव्या हातावर चापट मारली.

“हे काय?”

“काय?”

“हात!”

दाजींनी गाडी थांबवून आपल्या डाव्या हाताकडं बघितलं. तो गेअरच्या दांडीवर होता. आणि गेअर न्यूट्रलमधे.

“मी नाय टाकला,” दाजी म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा हात दुसऱ्या कोणाचा असावा तसे ते त्याच्याकडं बघत होते.

“झोपेत बी हेच करता तुमी,” आक्का म्हणाली. “कुशीवर वळले की डावा हात पुढं जातो, असं करतो, अन् मग घोरणं सुरू. इतकी वर्षं मला वाटायचं, गोधडी सारखी करतात.”

मामू मागच्या सीटवर ताडकन उभे राहिले. टपाला डोकं आपटलं त्याची शुद्धही नव्हती. “या अल्ला! न्यूट्रल में इंजिन च अलग, चाक च अलग! मैं इंजिन की नाक दबा रहा हूँ, और चाक बाहर खेलने गए!”

गेअरात असल्याशिवाय इंजिन चाकांना धरणार कसं? उतार दिसला की दाजींचा हात त्यांना न विचारता डिझेल वाचवायला निघायचा. मामूंचं डोकं झाकणात, मी मागच्या दारात. हाताकडं बघायला होतं कोण? आणि दाजींनी तरी स्वतःच्या हाताकडं का बघावं? मेंढपाळ मेंढरांकडं बघतो, काठीकडं नाही.

मग दुसरा गेअर टाकून, दांडी ओढून आम्ही तोच उतार परत उतरलो. बस अशी उतरली, अशी उतरली, की पेरूवाल्यांनी शेजारून चालत चालत पेरू विकले. सुट्टे पैसे मोजून घेतले, मग गाडी पुढं.

पण आक्कानं हो म्हटलं नाही. “अन् घाटात हात परत गेला तर?”

“नाय जाणार.”

“तुमी म्हणता नाय जाणार. हाताला कुठं विचारलं?”

 एवढा मोठा माणूस, पण स्वतःच्या हाताची हमी देता येईना. शेवटी त्यांनीच मान खाली घालून सांगितलं, “तू बस मग शेजारी. तूच धर.”

तर वऱ्हाडाच्या दिवशी आमच्या बसला दोन ड्रायव्हर होते. पुढच्या खिडकीला आंब्याचे डहाळे, टपावर सामानाच्या ट्रंका, आत सगळं गारखेडं, पहिल्या सीटवर हळदीनं पिवळी झालेली भाची, आणि बोनटवर, जरीच्या लुगड्यात, एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं गेअरची दांडी धरून बसलेली नवरीची आई. मामू नवा सदरा घालून आले होते. त्यांना विचारलं, “मामू, तुमी नवरीकडून की नवऱ्याकडून?” तर म्हणाले, “ब्रेक की तरफ से.”

कन्नड गेलं. घाटाचं तोंड आलं. बसमधली गाणी आपोआप थांबली. दाजींनी तळहात पुसले, दुसरा गेअर टाकला, आक्कानं आपला हात त्यांच्या हातावरून काढून नुसत्या गेअरच्या दांडीवर ठेवला, दाजींनी चरकाची दांडी ओढली. इंजिनातून असा आवाज निघाला की डोंगर पोट धरून कण्हतोय. आणि बस रांगायला लागली.

किती हळू म्हणाल, तर मागून एक बैलगाडी आली, तिनं घंटी वाजवली आणि आम्हाला ओलांडून गेली. गाडीवान मागं वळून म्हणाला, “मालक, दोर देऊ का?” पुरुष मंडळी एका वळणावर उतरली, झुडपांआड जाऊन आली, वाटेत करवंदं तोडली आणि पुढच्या वळणावर चालत्या बसमधे चढली. एकानं तर दाढी केली म्हणतात. ती मी बघितली नाही, म्हणून छातीठोक सांगत नाही.

निळ्या दगडाचं वळण आलं तेव्हा मात्र कोणी करवंदं खाल्ली नाहीत. दाजींचं ‘हर्र हर्र’ बंद झालं. मी त्या दिवशी मागचं दार सोडून दाजींच्या पाठीशीच उभा राहून बघत होतो. त्यांचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि आक्काच्या हातावर येऊन बसला. बसला आणि पुढं रेटायला लागला. आक्कानं दात आवळले. तिनं पुढं मला सांगितलं, “लेकरू झोपेत लाथ मारतं ना, तसा रेटा व्हता. त्यात राग नव्हता, काय नव्हतं. सवय नुसती.” तिनं दांडी हलू दिली नाही. तोंडानं एवढंच म्हणाली, “मी हाय.”

हात ढिला पडला. परत स्टिअरिंगवर गेला. वळण मागं पडलं, आणि दाजी एकदम ‘हर्र’ असे ओरडले की मागं झोपलेली बाळं उठून रडायला लागली.

आज दाजी नाहीत, मामू नाहीत. लिंबाच्या जागी मोटारी धुतात. आता मी त्या घाटानं जातो ते नातवाच्या गाडीतून. गाडीत थंड हवा, गाणं चालू, आणि घाट कधी लागला कधी संपला ते कळतही नाही. मग मी नातवाला सांगतो, इथं आम्हाला बैलगाडीनं ओलांडलं होतं. तो म्हणतो, “आजोबा, मागच्या वेळी सायकल होती.” असेल. दोन्ही असतील.

तर त्या वऱ्हाडाच्या दिवशी घाट उतरलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पुढं सगळा सपाट रस्ता, कपाशीची शेतं, एक वळण नाही. दाजींनी चरकाची दांडी सोडली. कोंडलेलं इंजिन मोकळं झालं. आता तिसरा टाकायचा, मग चौथा, आणि मुहूर्ताला आरामात पोचायचं.

आक्काचा हात दांडीवरच.

दाजींनी थोडी वाट बघितली. मी मागून म्हणालो, “आक्का, घाट संपला. हात काढ आता.” तिनं मान वळवली नाही. पदर तोंडावर ओढलेला होता आणि खांदे हलत होते. घाटभर तिला रडायला सवड मिळाली नव्हती. आता रस्ता सरळ होता आणि त्याच्या टोकाला पोरीचं सासर होतं.

दाजींनी आरशातून माझ्याकडं बघितलं आणि हळूच मान हलवली. नको म्हणाले.

आणि आमची बस त्या सपाट खानदेशातून दुसऱ्या गेअरमधे निघाली. इंजिन केकाटत होतं, मामू मागं कानांत बोटं घालून बसले होते. एक म्हातारे पाहुणे वैतागून ओरडले, “ओ ड्रायव्हर, घाट कवाच मागं राह्यला की!”

“गाडी गरम हाय,” दाजी म्हणाले.

व्याह्यांच्या गावाला आमचा आवाज आमच्या कितीतरी आधी पोचला. वाजंत्रीवाल्यांची सगळी गाणी वाजवून संपली होती, पाव्हणे वेशीपर्यंत चालत आले होते. भटजी घड्याळ हातात धरून उभे. बस थांबली तेव्हा नवऱ्या मुलाच्या चुलत्यानं कपाळाला हात लावून अहिराणीत विचारलं, “काय हो पाव्हणा, गाडीले गेअर एकच शे का?”

दाजींनी बोनटकडं बघितलं.

“एकच हाय,” ते म्हणाले. “पन लई चांगला हाय.”

आक्का पदराआड हसली की काय झालं, मला दिसलं नाही. पण तेव्हा कुठं तिनं हात काढला आणि पोरीला उतरवायला उठली.